मेनी-टू-वन मॅपिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका टेबलातल्या अनेक ओळी दुसऱ्या टेबलातल्या एकाच ओळीशी जोडलेल्या असतात, ते मेनी-टू-वन नातं. ते कोडमधल्या ऑब्जेक्टशी जुळवणं म्हणजे मॅपिंग. खालच्या उत्तरांत शेवटपर्यंत एकच उदाहरण आहे. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पुस्तक' आणि 'प्रत' अशी दोन टेबलं आहेत. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, पण कुठलीही एक प्रत एकाच पुस्तकाची असते. शिवाय प्रत एखाद्या 'कपाटा'त असते किंवा नसतेही, कारण ती कुणी वाचायला नेलेली असू शकते. बहुतेक तपशील जेपीए (टेबलं आणि जावा ऑब्जेक्ट जुळवण्याचं प्रमाण) आणि हायबरनेट (ते अमलात आणणारं साधन) यांचा आहे. अशा साधनांना ओआरएम म्हणतात. इतर चौकटी (फ्रेमवर्क) जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

हे नातं नेमकं राहतं कुठे?

'प्रत' टेबलातल्या 'पुस्तक_आयडी' या एका कॉलमात. 'पुस्तक' टेबलात प्रतींचा मागमूसही नसतो. ऑब्जेक्टच्या बाजूला प्रत क्लासमध्ये 'पुस्तक' नावाचं फील्ड असतं आणि त्याचा प्रकार आकडा नसून पुस्तक हा क्लास असतो. लिहिताना त्या ऑब्जेक्टची प्रायमरी की (ओळीची ओळख पटवणारी किंमत) काढून कॉलमात टाकायची आणि वाचताना कॉलममधल्या आकड्यावरून ऑब्जेक्ट उभा करायचा, एवढंच मॅपिंगचं काम.

घोळ होतो तो दिशेमुळे. फॉरेन कीला, म्हणजे दुसऱ्या टेबलाची की ठेवणाऱ्या अशा कॉलमला, दिशा नसते. एकाच कॉलमवरून प्रतीचं पुस्तकही सापडतं आणि पुस्तकाच्या प्रतीही. ऑब्जेक्टमधला रेफरन्स मात्र एकेरी रस्ता असतो. पुढचे निम्मे प्रश्न या एका फरकातूनच निघतात.

मग फील्डमध्ये सरळ आकडाच का ठेवू नये?

ठेवता येतो, आणि कधी कधी तेच बरं असतं. पुस्तकांची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये किंवा वेगळ्या सेवेत असेल तर ऑब्जेक्टचा रेफरन्स ठेवून काहीच साधत नाही. दोन्ही टेबलं एकाच ठिकाणी असतील तर आकडा ठेवल्याने प्रत्येक क्वेरीत जॉइनची (दोन टेबलं जोडण्याची) अट स्वतः लिहावी लागते.

आकडा आणि ऑब्जेक्ट दोन्ही हवे असतील तर एकाच कॉलमवर दोन फील्ड मॅप होतात. अशा वेळी त्यातल्या एकावर 'इन्सर्टेबल' आणि 'अपडेटेबल' हे दोन्ही गुण फॉल्स करावेच लागतात. तसं केलं नाही तर हायबरनेट सुरू होतानाच 'कॉलम दोनदा मॅप झाला' अशी तक्रार करून थांबतो.

जेपीएमध्ये किमान काय लिहायचं?

तांत्रिकदृष्ट्या फील्डवर मेनी-टू-वन अ‍ॅनोटेशन लावलं की पुरतं. पण तीन गोष्टी हाताने लिहाव्यात.

पहिली, फेच प्रकार लेझी, म्हणजे समोरचा ऑब्जेक्ट लागेल तेव्हाच आणणं (ईगर म्हणजे लगेच आणणं). कारण पुढे येईलच.

दुसरी, जॉइन-कॉलमचं नाव. ते दिलं नाही तर जेपीए फील्डचं नाव, अंडरस्कोर आणि समोरच्या प्रायमरी कीच्या कॉलमचं नाव जोडून घेतं. समोरची की नुसती 'आयडी' असेल तर 'पुस्तक_आयडी' असं हवं तेच नाव मिळतं. पण तिथे कीचंच नाव 'पुस्तक_आयडी' असेल तर 'पुस्तक_पुस्तक_आयडी' नावाचा कॉलम शोधला जातो आणि 'असा कॉलम नाही' ही चूक समोर येते.

तिसरी, प्रतीला पुस्तक असलंच पाहिजे म्हणून 'ऑप्शनल' फॉल्स. याची आणि जॉइन-कॉलमवरच्या 'नलेबल'ची गल्लत होते. 'नलेबल' टेबल तयार करण्याच्या डीडीएलसाठी असतं. 'ऑप्शनल' ओआरएमला सांगतं की समोर ओळ असणारच, म्हणून लेफ्ट जॉइनऐवजी इनर जॉइन चालेल. इथे एक छुपा धोका आहे. कोडमध्ये 'ऑप्शनल' फॉल्स लिहिलं आणि टेबलात जुन्या, पुस्तक नसलेल्या प्रती राहिल्या, तर इनर जॉइनमुळे त्या ओळी निकालातून गुपचूप गळतात. चूक कुठेच दिसत नाही, फक्त मोजणी जुळत नाही. त्यामुळे टेबलातली नॉट-नल अट आधी, 'ऑप्शनल' नंतर.

कपाटाचं नातं ऐच्छिक आहे, तिथे 'ऑप्शनल' ट्रूच राहू द्यावं.

इतर चौकटींत हेच कसं लिहितात?

जँगोमध्ये प्रत मॉडेलवर फॉरेन-की फील्ड लिहायचं. कॉलमच्या नावाला शेवटी '_आयडी' आपोआप लागतं, इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) आपोआप बनतो. 'ऑन-डिलीट' लिहिणं २.० आवृत्तीपासून सक्तीचं आहे. रेल्समध्ये 'बिलाँग्ज-टू' लिहायचं. ५ व्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांत ते नातं मूलतः आवश्यक धरलं जातं. एसक्यूएल-अल्केमीमध्ये कॉलमवर फॉरेन-की आणि शेजारी 'रिलेशनशिप' अशा दोन वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतात. थोडं जास्त टंकावं लागतं, पण कॉलम कुठला आणि सोय कुठली हे डोळ्यांसमोर राहतं. ईएफ कोअरमध्ये नेव्हिगेशन प्रॉपर्टी लिहिली आणि आकड्याची प्रॉपर्टी लिहिली नाही, तर तो स्वतःच एक अदृश्य फॉरेन की प्रॉपर्टी तयार करतो.

लेझी की ईगर?

लेझी. जेपीएचा मूळ नियम मात्र उलटा आहे. वन-टू-मेनी मूलतः लेझी, पण मेनी-टू-वन मूलतः ईगर. समोर एकच तर ओळ आहे, आणली तर काय बिघडलं, असं वाटतं खरं. पण प्रतीला पुस्तक, पुस्तकाला प्रकाशक, प्रकाशकाला शहर अशी साखळी असेल आणि सगळं ईगर असेल, तर एका प्रतीसाठी चार टेबलं ढवळली जातात.

त्याहून वाईट म्हणजे ईगरचं वागणं क्वेरीच्या प्रकारावर अवलंबून असतं. आयडीवरून 'फाइंड' केलं तर हायबरनेट जॉइन लावून एकाच क्वेरीत सगळं आणतो. पण जेपीक्यूएल (जेपीएची क्वेरी-भाषा) लिहिली तर तो ती जशीच्या तशी चालवतो, मग लक्षात येतं की पुस्तक ईगर आहे, आणि प्रत्येक वेगळ्या पुस्तकासाठी वेगळी सिलेक्ट धाडतो. म्हणजे ईगर करून एन अधिक एकचा (यादीची एक क्वेरी आणि समोरच्या प्रत्येक ऑब्जेक्टमागे आणखी एक) त्रास टळत नाही, उलट पक्का होतो.

ईगर ठरवलेलं नातं एखाद्या क्वेरीपुरतं लेझी करणं अवघड. लेझी नातं हवं तिथे जॉइन फेच करून (त्याच क्वेरीत जोडून) आणणं सोपं. म्हणून मॅपिंगमध्ये लेझी ठेवावं आणि काय आणायचं ते क्वेरीने ठरवावं.

एन अधिक एक क्वेरी कशा ओळखायच्या आणि कशा थांबवायच्या?

समजा १०० प्रतींची यादी आणली आणि प्रत्येकीसमोर पुस्तकाचं नाव छापलं. त्या प्रती ६० वेगवेगळ्या पुस्तकांच्या असतील तर यादीची १ आणि पुस्तकांच्या ६० अशा ६१ क्वेरी जातात. १०१ नाही, कारण एकदा आणलेलं पुस्तक त्याच सेशनमध्ये (ओआरएमच्या डेटाबेसशी चाललेल्या एका संवादात) पुन्हा आणलं जात नाही. याचमुळे हा दोष चाचणीत निसटतो. चाचणीच्या डेटात तीनच पुस्तकं असतात आणि ४ क्वेरी कुणाच्या नजरेत भरत नाहीत. एसक्यूएलचा लॉग चालू करा आणि चाचणीत क्वेरींची संख्याच तपासा. हायबरनेटच्या स्टॅटिस्टिक्समध्ये चालवलेल्या स्टेटमेंटची मोजणी मिळते.

पहिला उपाय जॉइन फेच, किंवा एन्टिटी ग्राफ (सोबत काय आणायचं याची यादी). मेनी-टू-वनमध्ये हा फारच सोयीचा, कारण जॉइन केल्यावर ओळींची संख्या वाढत नाही. १०० प्रती म्हणजे १०० च ओळी, त्यामुळे पानापानाने डेटा आणतानाही तो बिनधोक. उलट दिशेने, म्हणजे पुस्तकासोबत प्रतींची यादी जॉइन फेच करताना, ओळी वाढतात. मग हायबरनेट सगळा निकाल मेमरीत आणून तिथे पानं पाडतो आणि लॉगमध्ये फक्त एक इशारा टाकतो.

दुसरा उपाय बॅचने आणणं. बॅच २० ठेवली तर ६० पुस्तकं साधारण ३ क्वेरींत येतात, एकूण ४. इथे बरेच जण फसतात. मेनी-टू-वनसाठी बॅच-साइज हे अ‍ॅनोटेशन प्रतीमधल्या फील्डवर नाही, पुस्तक या क्लासवर लावायचं असतं. फील्डवर ते फक्त याद्यांसाठी चालतं. सगळीकडे एकच आकडा चालणार असेल तर हायबरनेटचं डिफॉल्ट-बॅच-फेच-साइज हे सेटिंग पुरतं.

तिसरा, आणि वाचनापुरत्या पानांसाठी बहुधा सर्वांत चांगला: एन्टिटी (मॅप केलेला पूर्ण ऑब्जेक्ट) आणूच नका. प्रतीचा क्रमांक आणि पुस्तकाचं नाव असे दोनच कॉलम डीटीओमध्ये, म्हणजे नुसता डेटा वाहणाऱ्या साध्या ऑब्जेक्टमध्ये, घ्या.

जँगोमध्ये या दिशेला सिलेक्ट-रिलेटेड, म्हणजे जॉइन. प्रीफेच-रिलेटेड वेगळी क्वेरी करतं आणि ते याद्यांसाठी. एसक्यूएल-अल्केमीमध्ये जॉइन्ड-लोड आणि सिलेक्ट-इन-लोड, ईएफ कोअर आणि रेल्समध्ये अनुक्रमे इन्क्लूड आणि इन्क्लूड्स.

पुस्तकाचा फक्त आयडी वाचला तरी क्वेरी जाते का?

हायबरनेटमध्ये प्रॉक्सीवर (लेझी नात्यात खऱ्या ऑब्जेक्टऐवजी ठेवलेल्या प्रतिनिधीवर) आयडीचा गेटर बोलावला तर सहसा जात नाही, आकडा प्रतीच्या ओळीतूनच मिळालेला असतो. जँगोमध्ये 'प्रत.पुस्तक.आयडी' लिहिलं तर जाते, 'प्रत.पुस्तक_आयडी' लिहिलं तर नाही. एका टिंबाचा फरक, पण हजार फेऱ्यांच्या लूपमध्ये जाणवतो.

लेझी-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन का येतं?

प्रॉक्सीला हात लावला तेव्हा सेशन बंद झालेलं होतं. सर्व्हिसचं ट्रान्झॅक्शन संपलं, प्रत बाहेर आली आणि टेम्प्लेटने किंवा जेसन बनवणाऱ्याने पुस्तकाचं नाव मागितलं, हा नेहमीचा प्रसंग. यावर ईगर करणं हा उपाय नव्हे. त्या कामाला काय लागतं ते ट्रान्झॅक्शनच्या आतच जॉइन फेच करून आणा.

स्प्रिंग बूटमध्ये 'ओपन-इन-व्ह्यू' (वेब विनंती संपेपर्यंत सेशन उघडं ठेवणारं सेटिंग) मूलतः चालू असतं, म्हणून वेब विनंतीत ही चूक दिसत नाही. तेच कोड पार्श्वभूमीच्या कामात चालवलं की कोसळतं. नव्या प्रकल्पात ते पहिल्याच दिवशी बंद करावं. वर्षभराने बंद करायला गेलात तर पन्नास ठिकाणी तुटेल.

पुस्तकातही प्रतींची यादी ठेवायची का?

गरज असेल तरच. मेनी-टू-वन एकटं पूर्ण आहे. 'या पुस्तकाच्या प्रती' ही क्वेरी प्रतीवरूनच लिहिता येते, आणि तिला क्रम, मर्यादा, गाळणी लावता येते. एन्टिटीतली यादी म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. प्रती पाचदहा असतील तर ठीक, पण स्थिती-कोडासारख्या टेबलाकडे लाखो ओळी बोट दाखवत असतील तर तिथे यादी ठेवूच नये.

ठेवलीच तर त्या बाजूला 'मॅप्ड-बाय' (हे नातं समोरच्या कुठल्या फील्डचं ते सांगणारा गुण) लिहायला विसरू नका. विसरलात तर जेपीए दोन बाजूंना दोन स्वतंत्र नाती समजतं आणि दुसऱ्यासाठी तिसरं, जोड-टेबल मागतं. काही जण मग यादीवरच जॉइन-कॉलम लावतात. त्याने जोड-टेबल टळतं, पण प्रत टाकताना आधी इन्सर्ट आणि मग तोच कॉलम भरायला वेगळा अपडेट, असं दुप्पट काम होतं.

यादीत प्रत टाकली, सेव्ह केलं, तरी कॉलम रिकामाच. का?

कारण कॉलमचा मालक प्रत आहे. 'मॅप्ड-बाय' असलेली बाजू फक्त आरसा. आरशात बदल केला तर डेटाबेसला कळत नाही. प्रतीवर पुस्तक सेट करा, कॉलम भरेल. दोन्ही बाजू एकाच वेळी मेमरीत वापरणार असाल तर पुस्तक क्लासमध्ये 'प्रत जोडा' आणि 'प्रत काढा' अशा दोन मेथड लिहा, त्या यादीही बदलतील आणि रेफरन्सही. बाहेरून यादीला थेट हात लावू देऊ नका.

हातात फक्त पुस्तकाचा आयडी आहे. प्रत सेव्ह करायला आधी पुस्तक आणावंच लागतं?

नाही. 'गेट-रेफरन्स' सिलेक्ट न करता प्रॉक्सी देतं. इन्सर्टला आकडाच हवा असतो आणि तो प्रॉक्सीत आहे. स्प्रिंग डेटामध्ये हेच 'गेट-रेफरन्स-बाय-आयडी'. तसं पुस्तक नसेल तर फॉरेन कीच अडवेल: पोस्टग्रेसमध्ये एसक्यूएल-स्टेट २३५०३, मायएसक्यूएलमध्ये चूक क्रमांक १४५२. ती पकडून वापरकर्त्याला नीट संदेश द्या. पुस्तकाचा काही तपशील तपासायचाच असेल तर मात्र सरळ 'फाइंड' करा.

नवा पुस्तक ऑब्जेक्ट बनवून त्यात फक्त आयडी भरण्याची युक्ती टाळा. पुढे कुणी त्यावर 'मर्ज' कॅस्केड (प्रत मर्ज करताना पुस्तकही मर्ज करण्याची सूचना) लावलं तर रिकाम्या फील्डनी खऱ्या पुस्तकाची माहिती पुसली जाते.

'सेव्ह न झालेल्या ऑब्जेक्टकडे रेफरन्स आहे' अशी चूक येते.

पुस्तक नवं आहे, त्याला अजून की नाही आणि प्रत आधी फ्लश होते आहे, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिली जाते आहे. आधी पुस्तक पर्सिस्ट (सेव्ह) करा, मग प्रत.

मेनी-टू-वनवर कॅस्केड लावावं का?

जवळजवळ कधीच नाही. कॅस्केड म्हणजे एका ऑब्जेक्टवरची क्रिया जोडलेल्या ऑब्जेक्टवरही करणं. ते पालकाकडून (इथे पुस्तक) मुलाकडे (इथे प्रत) जावं. मेनी-टू-वनमध्ये ते मुलाकडून पालकाकडे जातं. प्रतीवर 'कॅस्केड ऑल' असेल आणि एक फाटकी प्रत रद्द केली, तर हायबरनेट पुस्तकही डिलीट करायला निघतो. बाकीच्या प्रती असतील तर फॉरेन की त्याला अडवते, हे नशीब. पण पुस्तकाकडूनही प्रतींकडे कॅस्केड असेल तर एका फाटक्या प्रतीपायी पुस्तक आणि त्याच्या सगळ्या प्रती जातात. 'ऑर्फन रिमूव्हल' (यादीतून काढलेली ओळ डिलीट करणं) मेनी-टू-वनवर नसतंच, ते यादीच्या बाजूचं.

पुस्तक डिलीट करताना प्रतींचं काय करायचं?

तीन पर्याय. अडवणं: प्रती असतील तर पुस्तक जाणार नाही. सोबत काढणं. किंवा कॉलम नल करणं, जे फक्त ऐच्छिक नात्यात शक्य. कपाट मोडीत काढलं तर प्रतीचा 'कपाट_आयडी' नल करणं बरोबर. पुस्तकासाठी अडवणं बरोबर.

सोबत काढायचं तर ते कोण करणार हेही ठरवा. ओआरएमचं कॅस्केड आधी प्रती मेमरीत आणतं आणि एकेक डिलीट करतं. डेटाबेसचं 'ऑन डिलीट कॅस्केड' एका फटक्यात करतं, पण ओआरएमचे लिसनर, आवृत्ती तपासणी आणि कॅश यांना त्याचा पत्ता लागत नाही. ईएफ कोअरमध्ये आवश्यक नात्यासाठी कॅस्केड डिलीट मूलतः चालू असतं, हे माहीत नसल्याने दचकणारे बरेच.

फॉरेन की लावली म्हणजे इंडेक्सही झाला ना?

डेटाबेसवर अवलंबून. मायएसक्यूएलचं इनोडीबी तो स्वतः बनवतं. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर बनवत नाहीत. जँगो आणि ईएफ कोअर आपल्या मायग्रेशनमध्ये (टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइलींत) घालतात, हायबरनेट घालत नाही.

नसला तर दोन ठिकाणी भोगावं लागतं. पुस्तकाच्या प्रती शोधताना, हे उघड आहे. दुसरं सहज सुचत नाही: पुस्तकाची ओळ डिलीट करताना डेटाबेसला कुणी प्रत तिच्याकडे बोट दाखवतं का ते पाहावं लागतं, आणि इंडेक्स नसेल तर पूर्ण प्रत टेबल चाळावं लागतं. ओरॅकलमध्ये तर अशा वेळी प्रत टेबलावर कुलूपही लागतं.

फॉरेन कीची कन्स्ट्रेंट (डेटाबेसमधली अट) तयारच होत नाही. काय तपासायचं?

मायएसक्यूएलमध्ये दोन्ही कॉलमचा प्रकार तंतोतंत जुळला पाहिजे. एकीकडे इंट आणि दुसरीकडे बिग-इंट, किंवा एक साइन्ड आणि एक अनसाइन्ड, चालत नाही. मजकुराची की असेल तर कॅरॅक्टर सेट आणि कोलेशनही सारखं हवं. प्रकार जुळत असेल तर अनाथ ओळी शोधा: प्रत टेबलाला पुस्तकाचं लेफ्ट जॉइन लावा आणि 'पुस्तक_आयडी' भरलेला असूनही पुस्तक नल आलेल्या ओळी पाहा.

चालू, मोठ्या टेबलात हे नातं नव्याने घालायचं आहे. क्रम काय?

पोस्टग्रेससाठी क्रम असा:

१. कॉलम नल चालेल असा जोडा.
२. नव्या नोंदींत तो भरणारं कोड आधी चढवा. हे उलटं केलं तर भरणं कधी संपतच नाही.
३. जुन्या ओळी काही हजारांच्या तुकड्यांत भरा, प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये.
४. इंडेक्स 'कन्करंटली' (लिखाण न थांबवता) बनवा. हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनच्या साधनात त्या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं.
५. फॉरेन की 'नॉट व्हॅलिड' म्हणून (जुन्या ओळी न तपासता) लावा, मग वेगळ्या पायरीत 'व्हॅलिडेट' करा. या दुसऱ्या पायरीत टेबलावरचं लिखाण थांबत नाही.
६. शेवटी नॉट-नल. १२ व्या आवृत्तीपासून आधी तशीच चेक कन्स्ट्रेंट तपासून ठेवली असेल तर टेबल पुन्हा चाळलं जात नाही.

त्यानंतरच कोडमध्ये 'ऑप्शनल' फॉल्स.

की दोन कॉलमची असेल, किंवा नातं प्रायमरी कीशी नसेल तर?

दोन कॉलमसाठी जॉइन-कॉलम्समध्ये दोन्ही जोड्या द्याव्यात. नेहमीच्या नियमाप्रमाणे दोनपैकी एक कॉलम जरी नल असला तरी डेटाबेस फॉरेन की तपासतच नाही, म्हणून दोन्ही नॉट-नल ठेवा.

आयएसबीएनसारख्या युनिक कॉलमशी नातं जोडता येतं, पण तिथे लेझीची आशा सोडा. प्रॉक्सीला आयडी लागतो आणि तो हाताशी नसतो, म्हणून हायबरनेट लगेच क्वेरी करतो. 'नॉट-फाउंड इग्नोर' (समोरची ओळ नसली तरी चूक न दाखवणं) लावल्यावरही हेच होतं.

स्वतःच्याच टेबलाकडे नातं, जसं विषय आणि उपविषय?

तेच मेनी-टू-वन, फक्त समोरचा क्लासही विषयच. मुळाच्या विषयाला पालक नसतो, म्हणून कॉलम नल चालणारा हवा. पूर्ण झाड लेझी रेफरन्सवरून चढून वाचू नका, रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा बोलावणारी क्वेरी) लिहा. पोस्टग्रेसमध्ये ती ८.४ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. 'अ'चा पालक 'ब' आणि 'ब'चा पालक 'अ' अशी गाठ फॉरेन कीला पकडता येत नाही. ती तपासणी कोडमध्ये किंवा ट्रिगरमध्ये करावी लागते.

जेसन बनवताना स्टॅक ओव्हरफ्लो होतो.

प्रत पुस्तकाला छापते, पुस्तक प्रतींना, त्या पुन्हा पुस्तकाला. एका बाजूला जेसन-इग्नोर लावून थांबतं, पण खरा उपाय डीटीओ. लाँबोकचं (गेटर वगैरे आपोआप लिहिणारं जावा साधन) 'डेटा' अ‍ॅनोटेशनही टू-स्ट्रिंग आणि हॅशकोडमध्ये हीच गिरकी घेतं. एन्टिटीवर ते वापरू नये.

दोन प्रतींचं पुस्तक तेच आहे, तरी इक्वल्स फॉल्स देतं.

एक प्रॉक्सी आहे, दुसरा खरा ऑब्जेक्ट. इक्वल्समध्ये गेट-क्लास वापरून तुलना केली असेल तर दोघांचे क्लास वेगळे निघतात. इन्स्टन्स-ऑफ वापरा, आणि समोरच्याची फील्ड थेट न वाचता गेटरने वाचा, कारण प्रॉक्सीची स्वतःची फील्ड रिकामी असतात.

एका पुस्तकाला एकच प्रत हवी असेल तर?

त्याच कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लावा. ते झालं वन-टू-वन.